अकरा झाडांचा जबाब

पावणे, नवी मुंबई
११ जून १९९५

जोती,

जय भीम. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी गाडीतली रोपं उतरवून सावलीत ठेव. त्यांनी तुझं काही वाकडं केलेलं नाही.

चाळीस आहेत. वीस कडुलिंबाची, दहा शेवग्याची, सहा चिंचेची, चार सीताफळाची. कान्हा कांदा घेऊन वाशीच्या मार्केटला येतो आणि गाडी रिकामी परत नेतो, म्हणून मी त्याच्या मागं लागले. तो म्हणाला, जोतीभाऊ मला दारात उभा करणार नाही. मी म्हटलं, मग रोपं दारात उभी कर आणि तू नीघ.

मी आता कंपनीच्या कँटीनमध्ये नाही. पावण्याच्या मागून हाय टेन्शनच्या तारा गेल्यात. त्यांच्याखाली घरं बांधू देत नाहीत, म्हणून तिथं बदरुद्दीन शेठची नर्सरी आहे. दिवसभर माती चाळायची, शेणखत कालवायचं, काळ्या पिशव्या भरायच्या. इथल्या सोसायट्या नि कंपन्या रोपं नेतात. तुझ्या दाजींचं, मारोतीचं, वर्कशॉप समोरच आहे, दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो. तुझी भाची क्रांती दहावीत गेली. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

लिंब आणि चिंच पश्चिमेच्या बांधावर लाव, जिकडून वारं येतं. शेवगा विहिरीच्या वाटेला. लावताना पिशवी फाडू नकोस. हातावर आडवी धरून थापटायची, गड्डा अलगद सुटतो. रिकाम्या पिशव्या घडी करून कान्हाजवळ परत दे, त्या जाड आहेत, मला पुन्हा भरता येतात.

आबा गेले तेव्हा मी आले नाही. पुण्यानुमोदनालासुद्धा आले नाही. त्यावर तुझं कार्ड आलं, 'श्रीमती रखमाबाई यांनी यापुढे टाकळीला येण्याची तसदी घेऊ नये.' दोन वर्षं ते कार्ड डब्यात आहे. तसदी हा शब्द कुठून शिकलास रे? तुझ्या तोंडून पहिला शब्द निघाला होता तो 'आक्का', आईच्याही आधी. आणि मी झाले श्रीमती.

कान्हा सांगतो की बांध उघडा पडल्यापासून दर पावसाळ्यात फुटतो आणि माती ओढ्यात जाते. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा नाहीत, म्हणून शेळ्या विकाव्या लागल्या. झाडं गेली ती गेली, जोती. कुणी तोडली हे उगाळत बसू नकोस. नवीन लाव.

आक्का म्हणून सही करणार होते, पण ते नाव तू काढून घेतलंस.

रखमा


पावणे
२७ ऑगस्ट १९९५

जोती,

जय भीम. अर्धा पावसाळा सरला आणि रोपं अजून तुझ्या वळचणीला पिशवीतच उभी आहेत म्हणे. तुझी भागीरथी रोज पाणी घालते, म्हणून जिवंत तरी आहेत. आकाशची आई आहे ती, तिला जगवायची सवय आहे. तू काय म्हणालास तेही कान्हानं सांगितलं. 'जमीनच आपली नाही, तर झाडं कुणाची?'

बरोबर आहे तुझं. राग आला, तरी बरोबर आहे.

परवा शेठनं विचारलं, बाई, भावाच्या जमिनीची भानगड काय आहे? मी सांगितलं. म्हटलं, बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या आबांनी गायरानाचा मुरमाड तुकडा मोडला. बांधावर अकरा झाडं लावली. मी पंधरा वर्षांची होते, दोन उन्हाळे घागरीनं पाणी वाहिलं. मागं जोती तेलाचा रिकामा डबा घेऊन यायचा आणि निम्मं पाणी स्वतःच्या पायावर सांडायचा. लोक हसायचे, की झाडाच्या सावलीला ज्वारी खुरटते, हा कसला शेतकरी. पण शहाऐंशीला पाऊस गेला, सगळ्यांची ज्वारी वाळली, तेव्हा त्या बांधानं आमचं घर चालवलं. चिंच बाजारात गेली, शेंगांवर शेळ्या जगल्या, पाला विकला, औताला लाकूड घरचं मिळालं. नाहीतर आम्ही सगळेच तेव्हा ऊसतोडीला गेलो असतो.

मग म्हटलं, सरकारनं कागद काढला. चौदा एप्रिल एकोणीसशे नव्वदच्या आधीपासून जो गरीब गायरान कसतोय, त्याच्या नावावर ते करू. ब्याण्णवला तलाठी आला, तेव्हा बांधावर एक झाड नव्हतं. त्यानं पंचनाम्यात लिहिलं, 'उघडे रान, जमीन अलीकडेच मोडलेली दिसते.' अर्ज फेटाळला. भावानं अपील केलंय, ते लोंबकळतंय.

शेठ हातातली कात्री खाली ठेवून ऐकत होता. तो द्रोणागिरीकडचा. त्याच्या घरची भातशेती नव्या शहरात गेली. तो म्हणाला, आमच्याकडे जमीन मोजायला आले तेव्हा चुलत्यांमध्ये भांडण होतं, कुणाची वहिवाट किती जुनी. साहेबानं कागद बाजूला ठेवले आणि आंब्याच्या बुंध्याला टेप लावली. झाड खोटं बोलत नाही, म्हणाला. मग मला विचारलं, तुमच्याकडे अकरा साक्षीदार उभे होते, ते कुणी आडवे केले?

मी म्हटलं, माहीत नाही. आणि माती चाळायला गेले.

रोपं लाव, जोती. अजून पाऊस आहे.

रखमा


पावणे
१० डिसेंबर १९९५

जोती,

सहा डिसेंबरला दादरला आपल्या गल्लीची माणसं भेटली. कान्हाही होता. तू आला नव्हतास. मी असेन म्हणून आला नाहीस, असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

एक बातमी चांगली कळली, की सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात तू रोपं लावलीस. किती लावलीस ते कान्हाला सांगता येईना. तो म्हणे, रात्रीचा प्रवास करतो, बांध मोजत नाही.

दुसरी वाईट कळली. फेब्रुवारीत प्रांतसाहेब स्वतः शेतावर येणार, आणि तू लेखी देणार आहेस की झाडं रावसाहेबानं तोडली. जोती, हे करू नकोस. रावसाहेब काही साधूसंत नाही. त्याला ते रान स्वतःच्या गुरांना हवं होतं, आणि आबांना त्यानं विहिरीवरून हाकललं होतं, तेव्हा घागर माझ्याच डोक्यावर होती. पण ही गोष्ट त्याच्यावर घालू नकोस. तो चार साक्षीदार आणेल आणि सिद्ध करेल की त्या दिवशी तो गावात नव्हता. तुझी एक गोष्ट खोटी ठरली की सगळा अर्ज खोटा ठरेल. आधीच तो म्हणतोय की तिथं झाडं कधी नव्हतीच.

मला कसं माहीत, असं विचारशील. विचारू नकोस. फक्त त्याचं नाव लिहू नकोस. पाया पडते.

रखमा


पावणे
९ जानेवारी १९९६

जोती,

कान्हा परवा आला होता. तू नाव लिहून दिलंस म्हणे. 'ती मुंबईत बसून मला कायदा शिकवते,' असंही म्हणालास.

तर आता वाच. भागीरथीला बाहेर पाठवून वाच. नाहीतर राहू दे, तिच्यासमोरच वाच.

झाडं रावसाहेबानं तोडली नाहीत. मी तोडली.

ब्याण्णवच्या जानेवारीत मी आठ दिवस टाकळीला आले होते, आठवतं? तू, आबा, अख्खी गल्ली गायरानाच्या मोर्चाला बीडला गेलात. पाय मुरगळलाय म्हणून मी मागं राहिले. पाय धडधाकट होता. इथं पावण्याच्या नाक्यावर एका शिकलेल्या माणसानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं, की गायरानावर झाडं दिसली की सरकार ती जमीन फॉरेस्टची म्हणून लिहून घेतं, मग बसा बोंबलत. जमीन हवी असेल तर रान मोकळं दिसलं पाहिजे. पंचनाम्याला चार दिवस उरले होते. आबांना विचारलं असतं तर त्यांनी एक डहाळी तोडू दिली नसती. म्हणून विचारलं नाही.

शेजारच्या तालुक्यातले तीन करवतवाले मी आदल्या दिवशी बाजारात ठरवले होते. म्हटलं, लाकूड तुमचं, मला दिवस मावळायच्या आत बांध मोकळा करून द्या. आधी बाभळी पाडल्या, मग चिंचा. आकाशची झोळी ज्या लिंबाला बांधायचो, त्याला करवत लागली तेव्हा मी पाठ फिरवली. पण थांबा म्हटलं नाही. दुपारनंतर त्यांची ट्रॉली भरून गेली आणि मी अंगण झाडायला घरी आले.

मला वाटलं होतं, तुम्ही आलात की सांगेन. आबा रागावतील, दोन दिवस जेवणार नाहीत. मग सातबारा हातात पडला की म्हणतील, रखमा मुंबईला राहून शहाणी झाली. खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं. तू मोर्चे काढत होतास, तू आबांचा वाघ होतास. मलाही काहीतरी करून दाखवायचं होतं.

तू शेतावरून आलास तो थेट रावसाहेबाच्या दारात गेलास. तुझी आरोळी मी चुलीपुढं बसून ऐकली. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी मिठाची गुळणी धरून बसले. भाकरी करपली, तेवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या लोकांनी आपल्या गल्लीला कामावर बोलवायचं बंद केलं. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या वाटेवर काटे टाकले. चौथ्या दिवशी तलाठी आला आणि खोडं समोर असूनही त्यानं उघडं रान लिहिलं. एकेक दिवस गेला तसं बोलणं जास्त अवघड होत गेलं. मग मी एसटी धरली.

निघताना आबा बांधावर खोडापाशी बसले होते. मला म्हणाले, 'रखमे, तू पाणी घातलेली झाडं गं.' एवढंच. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले, आणि मी आले नाही ते कामामुळं नाही. त्यांच्या फोटोपुढं उभं राहायला मी धजले नाही.

भागीरथीनं त्या संध्याकाळी माझ्या पदराला चिकटलेला लाकडाचा भुसा झटकला होता. तिला मी आकाशची शपथ घातली. तिला बोलू नकोस.

आता कामाचं. शेठला मी काल सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, खोडं उपटली का? मी म्हटलं, नाही, जमिनीलगत कापली. तो म्हणाला, मग साक्षीदार मेले नाहीत. साहेबाला खोडं दाखवा. पण नुसती खोडं बघून साहेब विचारेल की ही कुणी लावली, कुणी तोडली, केव्हा तोडली. त्याला उत्तर देणारं माणूस पाहिजे.

ते माणूस मी आहे. मी येणार, जबाब देणार. सरकारी जमिनीवरची झाडं तोडली म्हणून माझ्यावर केस होईल, असं मारोती म्हणतो. पोरीची दहावीची परीक्षा तोंडावर आहे, तुला अवदसा आठवली का, असंही म्हणाला. क्रांती आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, आई, तू जा, मी माझा डबा करीन.

तू तेवढं रावसाहेबाचं नाव मागं घे. मला घरात घेऊ नकोस, चालेल. बांधावर तरी उभी राहू दे.

रखमा


पावणे
३ मार्च १९९६

जोती,

तू तिथंच होतास. तरी लिहिते, कारण तू एकदाही माझ्याकडं बघितलं नाहीस, आणि मला काय दिसत होतं ते तुला कळायला हवं.

मी ओढ्याकडून आले. आधी तुझी रोपं दिसली, काट्यांचं कुंपण घातलेली, प्रत्येकाला आळं. मी मोजायला लागले होते, पण साहेबांची जीप आली.

साहेब तरुण होता. जबाब घेताना त्यानं मला तीनदा विचारलं, बाई, तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना? मी म्हटलं, साहेब, चार वर्षं कळतंय. मग खोडं दाखवा म्हणाला. तलाठ्यानं मोजली तर दहाच भरली. रावसाहेब लगेच म्हणाला, अकरा सांगतात, दहा निघतात, उद्या नऊ सांगतील. आणि मी बघितलं, तुझी मान खाली गेली. तुलाही वाटलं की आक्का पुन्हा खोटं बोलली.

मग मला आठवलं, की आबांनी झाडं दोरी लावून नाही, माझ्या चालीनं लावली होती. घागर डोक्यावर घेऊन किती पावलांवर दम लागतो ते बघितलं आणि तिथं खड्डा घेतला, म्हणजे पोरीला टेकायला मिळेल. चौदा पावलं. मी कोपऱ्यातल्या खोडापासून चालायला लागले. तलाठी हसला. मला वाटलं, लांब पाऊल पडलं तर चुकेल, भरल्या घागरीचं आखूड पाऊल पाहिजे. म्हणून डोक्यावर एक हात धरला आणि तशी चालले, सगळ्या पंचांसमोर. दर चौदाव्या पावलाला खोड. सातव्या खोडानंतर चौदा पावलं झाली तिथं नुसती माती होती, फुटलेल्या बांधाची वाहून आलेली. मी म्हटलं, इथं उकरा.

तूच पुढं झालास आणि कुदळ घेतलीस. हातभर खाली खोड लागलं. चिंचेचं.

साहेब गुडघ्यावर बसला. टेप लावली, सगळी अकरा मापं स्वतः लिहून घेतली. कोपऱ्यातल्या लिंबाच्या खोडाला फुटवा आलाय, मनगटापेक्षा जाड, त्याचंही माप घेतलं. मग माझ्याकडं बोट करून तुला विचारलं, 'ही कोण तुमची?' तू कुदळीची माती पुसत राहिलास. मग म्हणालास, 'बहीण आहे.'

त्यानंतर तू रावसाहेबापुढं गेलास आणि हात जोडलेस. म्हणालास, 'मी तुमच्यावर खोटा आळ घेतला.' ज्यानं आबांना विहिरीवरून हाकललं, त्याच्यापुढं. ते हात मी जोडायला हवे होते, जोती. मी पुढं येईपर्यंत तो पाठ फिरवून चालायला लागला होता. सगळ्या गोष्टींत मला त्याचंच सर्वात वाईट वाटलं.

घराकडं आले नाही, तू बोलावलं नाहीस. भागीरथी स्टँडवर भाकरी घेऊन आली आणि आकाशला माझ्या पाया पडायला लावलं. केवढा झालाय तो. मला ओळखत नव्हता.

रखमा


पावणे
१४ जुलै १९९६

जोती,

निकाल मला कान्हाकडून कळला. वहिवाट मान्य झाली, जमीन आबांच्या वारसांच्या नावानं लागली. गल्लीनं पेढे वाटले म्हणे. माझ्या नावानं झाडतोडीची नोटीस आली आहे, ती मी बघून घेईन. क्रांती पास झाली.

निकाल ऐकून मी रडले वगैरे नाही. शेठला सांगितलं, तो म्हणाला, मुबारक. माझी गेली, तुमची राहिली, एक तरी राहिली. आणि रोपांना पाणी घालायला गेला. मी मात्र कान्हाच्या तोंडाकडं बघत होते, की तो आणखी काही सांगेल. तो कांद्याबद्दलच बोलत राहिला.

मग निघताना म्हणाला, अगं विसरलोच, गाडीत एक पोतं आहे तुझं, आणि एक खोकं.

पोत्यात पिशव्या होत्या. एकही फाटलेली नव्हती, सगळ्या धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेल्या. मी तिथंच जमिनीवर बसून मोजल्या. एकोणतीस. मला वाटलं, म्हणजे अकरा रोपं मेली असणार. मग खोकं उघडलं. त्यात अकरा पिशव्या उभ्या होत्या, भरलेल्या, वरून ओल्या. माती बघताच ओळखली, आपली मुरमाड, तांबूस, बारीक खड्यांची. इथली खाडीची माती अशी नसते. कान्हा म्हणाला, चाळीसच्या चाळीस लागलीत. ह्या पिशव्या जोतीभाऊनं स्वतः भरल्या, कुणाला हात लावू दिला नाही. कोपऱ्यातल्या लिंबाच्या फुटव्याला यंदा पहिल्यांदा निंबोळ्या धरल्या, त्यातल्या एकेक लावल्यात.

चिठ्ठी आहे का म्हणून मी खोकं उलटंपालटं केलं. चिठ्ठी नव्हती. झाकणावर पत्त्याच्या जागी शाईनं लिहिलं होतं, 'आक्का, पावणे.' तुझं अक्षर. श्रीमती नाही, रखमाबाई नाही.

आता मात्र रडले. मारोती वर्कशॉपमधून धावत आला, त्याला वाटलं कुणी गेलं.

अकरा पिशव्या मी नळाजवळ ठेवल्यात. शेठ म्हणाला, बाई, तिथं विकायची रोपं असतात. मी म्हटलं, मग ती हलवा. त्यानं हलवली. आज सकाळी सहाव्या पिशवीत अंकुर वर आला, टरफल अजून डोक्यावर आहे. बाकीची दोनचार दिवसांत येतील. एखादं नाही आलं तर मी दुसरी निंबोळी मागवीन, पण भरून अकराच आणीन.

पुढच्या आखाडात मी स्वतः घेऊन येते. खड्डे तू घे. अंतर मी चालून दाखवते.

तुझी
आक्का